घड्याळाची कमांड आणि छापील हायफन

प्रति,
संपादक,
स.न.वि.वि.

संगणकाच्या पानांवर टर्मिनलच्या (आज्ञा टंकून देण्याच्या खिडकीच्या) कमांड छापण्याची पद्धत आता रुळली आहे आणि ती चांगलीच आहे. मात्र वाचकाने छापील कमांड बघून बघून टंकली आणि ती चालली नाही, की तो स्वतःलाच दोष देतो. पुष्कळदा दोष त्याचा नसतो, जुळणीचा असतो. हायफनच्या जागी लांब रेघ येते, सरळ अवतरणचिन्हांना बाक दिला जातो, ओळ मोडते तिथे एक जास्तीचा हायफन घुसतो. मजकुरात हे शोभून दिसते, कमांड मात्र त्याने मरते. नेमके काय बिघडते हे दाखवायला डेस्कटॉपवरच्या एका अगदी लहान घड्याळाचे उदाहरण घेतो, कारण त्या एवढ्याशा प्रोग्रॅममध्ये यातली जवळजवळ प्रत्येक चूक भेटते.

या प्रोग्रॅमचे नाव एक्सक्लॉक. एक्स, सी, एल, ओ, सी, के अशी सहा अक्षरे, सगळी लहान लिपीत आणि मध्ये स्पेस नाही. लिनक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमवर पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या, एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिमच्या घरातले हे घड्याळ. त्या सिस्टिमची अकरावी आवृत्ती १९८७ ची, आणि आजही तीच चालते. लिनक्सच्या डेबियन व उबुंटू या वितरणांत (तयार संचांत) ते ‘एक्स११-अ‍ॅप्स’ या पॅकेजमध्ये मिळते, आर्चमध्ये ‘एक्सऑर्ग-एक्सक्लॉक’ या नावाने. आपल्या पानाच्या रीतीप्रमाणे मी सगळे देवनागरीत लिहितो आहे. टंकताना अर्थातच रोमन अक्षरे आणि इंग्रजी आकडे. देवनागरी १ त्या प्रोग्रॅमला एक म्हणून कळत नाही.

आता हायफन. या घड्याळाचे सगळे पर्याय एका हायफनने सुरू होतात आणि पुढे पूर्ण शब्द येतो: ‘-डिजिटल’, ‘-ब्रीफ’, ‘-अपडेट’. नव्या प्रोग्रॅममध्ये लांब पर्यायाला दोन हायफन असतात, त्या सवयीने दोन लावले तर चालत नाही. हायफन आणि शब्द यांत स्पेस सोडली तरी चालत नाही. आणि हायफनऐवजी छापखान्यातली लांब रेघ आली, तर संगणकाच्या लेखी ते वेगळेच अक्षर आहे. या तिन्ही चुकांची लक्षणे सारखीच: घड्याळ दिसत नाही, टर्मिनलमध्ये पर्यायांची लांबलचक यादी उमटते आणि प्रोग्रॅम बंद होतो. ती यादी म्हणजे ‘तुम्ही दिलेल्यातला एक तरी शब्द मला ओळखता आला नाही’ एवढाच निरोप.

बाकदार अवतरणचिन्हांची गंमत याहून वेगळी आहे. टर्मिनलमधल्या शेलला, म्हणजे टंकलेली कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, फक्त सरळ, उभी चिन्हे कळतात. बाकदार चिन्ह त्याच्या दृष्टीने साधे अक्षर. त्यामुळे चिन्हांच्या आत स्पेस असेल तर मजकूर तिथेच तुटतो, उरलेला तुकडा अनोळखी ठरतो आणि पुन्हा तीच यादी. आत वेळेच्या मांडणीचा साचा (तो पुढे येतो) असेल आणि स्पेस नसेल तर घड्याळ सुरू होते, पण वेळेच्या दोन्ही बाजूंना ती बाकदार चिन्हेच तबकडीवर येऊन बसतात! असे घड्याळ कुणाला दिसले तर त्याने आधी कमांड कुठून उचलली ते बघावे.

काही न जोडता नुसते नाव टंकले की काट्यांचे घड्याळ उघडते आणि टर्मिनल अडकून राहते. शेवटी स्पेस देऊन अँपरसँडचे चिन्ह (&) लावले की टर्मिनल मोकळे होते. तरीही ती टर्मिनलची खिडकी बंद करताना घड्याळ सोबत जाऊ शकते. तसे नको असेल तर आधी ‘सेटसिड’ हा शब्द लावून सुरू करावे. ‘कान्ट ओपन डिस्प्ले’ असे उत्तर आले तर बिघाड घड्याळात नाही. ती कमांड अशा जागी दिली आहे जिथे पडदाच उपलब्ध नाही, उदाहरणार्थ एसएसएच या दूरच्या लॉगिनच्या कमांडने दुसऱ्या संगणकावर जाऊन. तिथे एसएसएचला मोठ्या एक्सचा पर्याय देऊन गेल्यास, आणि त्या संगणकाने तशी परवानगी ठेवली असल्यास, घड्याळ आपल्या पडद्यावर दिसते. मात्र वेळ त्या दूरच्या संगणकाची असते. सर्व्हरचे घड्याळ मागे-पुढे झाले आहे का, हे नजरेने पाहायला याहून सोपी युक्ती नाही. ‘मिसिंग कॅरसेट्स’ असा इशारा कधी कधी उमटतो, तो खुशाल दुर्लक्षावा.

सर्वांत जास्त तक्रारी ‘-अपडेट’ या एका पर्यायापाशी येऊन संपतात. हे घड्याळ मुळात ६० सेकंदांतून एकदा स्वतःला ताजे करते. म्हणून काट्यांच्या घड्याळात सेकंदकाटा नसतो, आणि आकड्यांच्या घड्याळात सेकंद दिसत असले तरी ते मिनिटभर गोठलेले असतात. ‘घड्याळ हँग झाले’ म्हणतात ते हेच. ‘-अपडेट ३०’ किंवा त्याहून लहान आकडा दिला की सेकंदकाटा प्रकट होतो. पण ३० दिल्यास तो अर्ध्या मिनिटाच्या उड्या मारतो; टिकटिक चालायला हवा असेल तर ‘-अपडेट १’ द्यावे. सेकंद नको असतील तर ६० च ठेवावे. लॅपटॉपला दर सेकंदाला उगाच जागे करण्यात अर्थ नाही.

आकडे हवे असतील तर ‘-डिजिटल’. नुसते तेवढे दिले तर वार, तारीख, वेळ, वर्ष असे सगळे एका रांगेत येते. ‘-डिजिटल -ब्रीफ’ दिले की फक्त तास आणि मिनिटे, २४ तासांच्या पद्धतीने. त्यालाच ‘-ट्वेल्व्ह’ जोडले की १२ तासांचे. एवढ्यावर भागणाऱ्यांनी पुढच्या भानगडीत पडूच नये.

ज्यांना मांडणी स्वतः ठरवायची आहे, त्यांच्यासाठी ‘-स्ट्रफटाइम’ आहे. स्पेलिंग एस, टी, आर, एफ, टी, आय, एम, ई. हा पर्याय फक्त ‘-डिजिटल’सोबत उपयोगाचा, एकटा दिला तर काट्यांचे घड्याळच उघडते आणि मांडणीचा मागमूस दिसत नाही. त्याच्यापुढे सरळ अवतरणचिन्हांत साचा द्यायचा. साच्यात टक्क्याचे चिन्ह आणि लगेच एक अक्षर, असे प्रत्येक घटकाचे नाव असते. मोठा एच म्हणजे २४ तासांतला तास, मोठा आय म्हणजे १२ तासांतला. तो घेतला तर लहान पी हवाच, नाहीतर सकाळ-संध्याकाळ कळणार नाही. मोठा एम मिनिटे, मोठा एस सेकंद, लहान डी तारीख, मोठा बी महिन्याचे पूर्ण नाव, मोठा ए वाराचे पूर्ण नाव आणि लहान ए त्याचे आखूड रूप.

इथे लहान-मोठ्या लिपीची चूक सर्वांत घातक, कारण ती बोलत नाही. मोठ्या एमऐवजी लहान एम पडला तर मिनिटांच्या जागी महिन्याचा आकडा येतो. मार्चमध्ये असे घड्याळ दिवसभर ‘दहा वाजून तीन मिनिटे’, ‘अकरा वाजून तीन मिनिटे’ असे दाखवत राहते आणि तासाला एकदा इमानाने बदलते, म्हणून संशयही येत नाही. वर्तमानपत्राच्या जुळणीत वाक्याचे पहिले अक्षर मोठे करायची किंवा शीर्षकात सगळीच अक्षरे मोठी करायची सवय असते. कमांडच्या बाबतीत ती सोडावी लागेल. आणि साच्यात सेकंद घेतले असतील तर ‘-अपडेट १’ विसरू नये, हे पुन्हा सांगतो.

खिडकीची रुंदी हा आणखी एक छुपा खड्डा. आकड्यांचे घड्याळ सुरू होताना त्या क्षणी जो मजकूर असेल त्याच्या मापाची खिडकी उघडते, आणि नंतर मजकूर लांबला तरी ती आपणहून वाढत नाही. इंग्रजीत फ्रायडेला सुरू केलेले घड्याळ न बंद करता चालू ठेवले, तर वेन्सडेला त्याचा शेवट कापला जातो. वार आखूड रूपात घेणे, किंवा ‘-जिऑमेट्री’ने रुंदी आधीच सढळ देणे, हे दोन उपाय.

मराठी वाचक साहजिकच विचारतील, की वार मराठीत येईल का? मराठीचे लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग), म्हणजे एमआर अंडरस्कोर आयएन, संगणकावर तयार केलेले असेल आणि त्याचे नाव वेळेच्या चलासाठी (‘एलसी_टाइम’ या व्हेरिएबलसाठी) कमांडच्या आधी दिले, तर नावे मराठीत येतात खरी. पण हे घड्याळ अक्षरे काढायला एक्सएफटी नावाची लायब्ररी वापरते आणि ती एकेक अक्षरचिन्ह सुटे काढते. जोडाक्षरे किंवा वेलांटीची जागा सांभाळण्याचे काम तिच्याकडे नाही. परिणामी ‘शनिवार’मधली पहिली वेलांटी ‘न’च्या आधी न येता नंतर पडते. फॉन्ट बदलून हे सुधारत नाही, तेव्हा त्यात वेळ दवडू नये. मराठीत नीट वार हवा असेल तर डेस्कटॉपच्या पट्टीवरचे घड्याळ बरे. जीनोम किंवा एक्सएफसीई या डेस्कटॉपच्या पट्टीवर अक्षरे पँगो या अक्षरजुळणीच्या लायब्ररीमार्फत येतात आणि तिथे मराठी शुद्ध दिसते.

फॉन्टचाच विषय निघाला आहे तर एवढे सांगतो: जुन्या पुस्तकांतला ‘-एफएन’ हा पर्याय आज दिला तरी काही बदलत नाही. आता ‘-फेस’ वापरतात आणि त्यापुढे फॉन्टचे नाव, हायफन, आकार, उदाहरणार्थ ‘मोनोस्पेस-२४’. सगळे आकडे सारख्या रुंदीचे असणारा फॉन्ट घ्यावा. नाहीतर दर सेकंदाला मजकूर डावी-उजवीकडे थरथरतो.

रंगांसाठी ‘-एफजी’ अक्षरांचा, ‘-बीजी’ पार्श्वभूमीचा. रंगाचे इंग्रजी नाव चालते, किंवा हॅशचे चिन्ह आणि सहा अंकी संकेत. हॅश दिला तर तो अवतरणचिन्हांत घालणे भाग आहे. बॅश या शेलमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा हॅश म्हणजे ‘इथून पुढे शेरा’. त्यानंतरचे सगळे, शेवटचा अँपरसँडसुद्धा, गिळले जाते.

जागा आणि आकारासाठी ‘-जिऑमेट्री’: रुंदी, लहान एक्स, उंची, मग अधिक किंवा उणे चिन्हांसह दोन अंतरे. ‘२००एक्स२००-०+०’ म्हणजे वर उजवीकडचा कोपरा. उणे पहिल्या आकड्याला लागले की उजव्या कडेपासून, दुसऱ्याला लागले की खालच्या कडेपासून मोजणी. आकार पिक्सेलमध्ये द्यायचा असतो. एक्सटर्म या टर्मिनलमध्ये हाच पर्याय अक्षरांच्या मापात मोजतो, त्यामुळे तिथला ८०एक्स२४ इथे आणला तर नखाएवढे घड्याळ उघडते. एक्सच्या जागी आलेल्या वेलँड या नव्या व्यवस्थेवर चालणाऱ्या डेस्कटॉपवर जागेचा आग्रह पाळला जाईलच असे नाही. आकार पाळला जातो.

‘-चाइम’ दिले की अर्ध्या तासाला एकदा आणि तासाला दोनदा घंटा होते. अलीकडच्या संगणकांत ही घंटा मुळातच बंद असते. ‘एक्ससेट क्यू’ने तिची स्थिती पाहावी, ‘एक्ससेट बी ऑन’ करून बघावे. तरी वाजली नाही तर नाद सोडावा.

आता ज्याच्यासाठी बहुतेक लोक हे घड्याळ शोधतात ते, म्हणजे परदेशातली वेळ. कमांडच्या आधी मोठ्या लिपीत टी झेड, बरोबरचे चिन्ह, खंडाचे नाव, तिरकी रेघ, शहराचे नाव, मग एक स्पेस आणि पुढे नेहमीची कमांड. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस नको. ‘अमेरिका/न्यू_यॉर्क’मध्ये दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर असतो, आणि खंड व शहर यांची आद्याक्षरे मोठीच हवीत. नावात चूक झाली तर इशारा मिळत नाही. घड्याळ मुकाट्याने यूटीसीची (जागतिक प्रमाणवेळेची) वेळ दाखवते. म्हणून नवे घड्याळ लावल्यावर ते यूटीसीशी ताडून पाहावे. वेळ जुळत असेल आणि ते शहर यूटीसीवर नसेल, तर स्पेलिंग चुकले.

काही जण शहराऐवजी तासांचा फरक लिहितात. त्यात दोन फसगती आहेत. पहिली, टी झेड या चलात चिन्ह उलटे चालते: ग्रिनिचच्या पूर्वेला उणे आणि पश्चिमेला अधिक. पाच तास तीस मिनिटे पुढे असलेली वेळ ‘उणे ५:३०’ अशी लिहावी लागते. अधिक लिहिले तर घड्याळ बरोबर अकरा तास मागे पडते, आणि अकरा तासांचा फरक दिसला की हेच कारण समजावे. दुसरी, न्यूयॉर्कसारख्या शहरात उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे नेतात. आकडा लिहिलेल्या घड्याळाला ते कळण्याचा मार्ग नाही, शहराचे नाव लिहिलेल्याला कळतो. दोन-तीन शहरांची घड्याळे लावली तर प्रत्येकाला ‘-टायटल’ने नाव द्यावे, नाहीतर कोणते कुठले हे आठवावे लागते. ‘पीकिल एक्सक्लॉक’ ही कमांड त्या सगळ्यांना एकदम बंद करते.

रोज हे टंकणे कुणालाच परवडणारे नाही. घरच्या फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारी ‘.एक्सरिसोर्सेस’ ही फाइल असते (एक्स मोठा). तिच्यात ‘एक्सक्लॉक*अपडेट: १’ अशा ओळी लिहिता येतात, पण इथे एक्सक्लॉकमधला एक्स आणि सी दोन्ही मोठे. या फाइलचे कायदे टर्मिनलहून उलटे आहेत. टर्मिनलमध्ये अवतरणचिन्हे लागतात. इथे दिली तर ती मूल्याचाच भाग होऊन तबकडीवर दिसतात. ओळीच्या शेवटी चुकून राहिलेली स्पेसही मूल्यात धरली जाते. आणि ‘डिजिटल’ नावाची सेटिंगच इथे नाही. ‘एक्सक्लॉक*अ‍ॅनलॉग: फॉल्स’ लिहावे लागते. अनोळखी नाव लिहिले तर कुणी काही बोलत नाही, ती ओळ नुसती पडून राहते. फाइल जतन केल्यावर ‘एक्सआरडीबी -मर्ज’ आणि फाइलचे नाव अशी कमांड द्यायची. ‘-मर्ज’ विसरलात तर आधीच्या सगळ्या सेटिंग पुसून फक्त ही फाइल उरते. चालू असलेले घड्याळ बदलत नाही. ते बंद करून नवे उघडावे. टर्मिनलमध्ये दिलेला पर्याय या फाइलवर नेहमीच मात करतो.

लॉगिन करताच घड्याळ हवे असेल तर ‘.कॉन्फिग’मधल्या ‘ऑटोस्टार्ट’ फोल्डरमध्ये डेस्कटॉप फाइल ठेवतात. तिच्या ‘एक्झेक’ ओळीत टक्क्याच्या चिन्हाला वेगळा अर्थ आहे, म्हणून साच्यातला प्रत्येक टक्का दोनदा लिहायचा आणि साचा दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचा. ती ओळ शेल वाचत नाही, त्यामुळे अँपरसँड नको, आणि शहराची वेळ हवी असेल तर आधी ‘एन्व्ही’ हा शब्द हवा. टर्मिनलमध्ये चाललेली कमांड इथे तशीच चिकटवणाऱ्यांना घड्याळ का दिसत नाही, त्याची ही तीन कारणे.

एवढे करूनही वेळ चुकत असेल तर टर्मिनलमध्ये ‘डेट’ टंकून पाहावे. तिथेही तीच चूक असेल तर घड्याळाकडे बोट दाखवू नये. ते बिचारे सिस्टिमची वेळ फक्त वाचून दाखवते. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील आणि फरक नेमका आपल्या टाइमझोनएवढा असेल, तर मदरबोर्डवरच्या घड्याळावरून दोघांची ओढाताण चालू आहे. विंडोज त्यात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स यूटीसी धरते. ‘टाइमडेटसीटीएल’ या कमांडने स्थिती दिसते आणि ‘टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू’ने वेळ नेटवरून जुळवून घेता येते.

आता पुन्हा मूळ मुद्द्याकडे. हे पत्र देवनागरीत लिहिताना ‘मोठा एम’, ‘लहान एम’ असे किती वेळा म्हणावे लागले ते आपण पाहिलेच. एखादी कमांड छापायची असेल तेव्हा ती रोमन लिपीत, समान रुंदीच्या फॉन्टमध्ये, स्वतंत्र ओळीवर छापावी. ओळ मावत नसेल तर अक्षराचा आकार कमी करावा, पण ओळ मोडू नये. मोडावीच लागली तर स्पेसच्या जागी, आणि हायफन न घालता. जुळणीच्या सॉफ्टवेअरमधली अवतरणचिन्हे आपोआप बाकदार करण्याची आणि दोन हायफनची रेघ करण्याची सोय तेवढ्या चौकटीपुरती बंद ठेवावी. मुद्रितशोधकाने त्या चौकटीत शुद्धलेखन तपासू नये. आणि पान छपाईला जाण्याआधी छापील प्रतीवरूनच, मूळ फाइलवरून चिकटवून नव्हे, कुणीतरी ती कमांड एकदा टंकून चालवून पाहावी.

आपला,
एक वाचक